परसदारची उचल

बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी फरसबंदी शिकवू नये, असं मला अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं. नाशिक जिल्ह्यातले किती रस्ते, किती मोऱ्या, किती विश्रामगृहांची आवारं आमच्या नजरेखालून गेली! त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता कॅनडातल्या कॅल्गरीला चिरंजीवांकडे गेलो आणि "बाबा, मागे काहीतरी करायचंय" असं म्हणत त्यानं परसदार दाखवलं, तेव्हा प्रवासाचा शीण विसरून मी पावलांनी लांबी-रुंदी मोजायला लागलो.

परसदार म्हणजे नुसती उघडी चिकणमाती. नव्या वसाहतीत बिल्डर घर पुरं करतो, जमिनीला ठरलेला ढाळ देतो आणि आपल्या वाटेनं जातो. हिरवळ, फरशी, झाडं ज्याची त्यानं करायची. हे काम करणाऱ्याला तिथं लँडस्केपिंग कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. आपल्याकडचा माळी, गवंडी आणि मुकादम एकाच माणसात घातला की तो तयार होतो. आमच्या सौ.ला मधोमध तुळशीवृंदावन हवं होतं. तुळस तिथं चार महिनेसुद्धा बाहेर तग धरणार नाही, हे सुनेनं फार हळुवारपणे सांगितलं.

तीनशे चौरस फुटांची फरशी आणि बाकी जमीन सारखी करायची, एवढ्या कामाचा पहिला अंदाज आला १२,४०० डॉलर. कॅनडाचा डॉलर तेव्हा साठ रुपयांच्या आसपास होता. साडेसात लाख रुपये! एवढ्या पैशांत आमच्या खात्यानं एखाद्या शाळेचं पटांगण केलं असतं. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि "हा माणूस लुटारू आहे" असा निकाल देऊन टाकला.

आठ दिवसांनी एक गृहस्थ स्वतःच दारात आला. शेजारच्या गल्लीत काम चालू आहे म्हणाला. ६,५०० डॉलर, रोखीनं, जीएसटीचे पाच टक्केही नाहीत. अर्धे पैसे मात्र आधी. चिरंजीव घुटमळत होता. "याचं लायसन्स वगैरे बघू का?" असं तो म्हणालाही. मी म्हटलं, "अरे, उचल दिल्याशिवाय मजूर कामावर येत नाही. जग कुठंही जा, सारखंच." ऊसतोडीपासून डांबरीकरणापर्यंत मी उचलीचाच व्यवहार पाहिलेला. दिले ३,२५० डॉलर. एका वहीच्या पानावर सही झाली.

माणूस पळून गेला नाही, हे आधीच सांगतो. चार दिवसांत काम झालं, आणि मी स्वतः उभा राहून ते करून घेतलं. वरची माती खरवडली, दोनेक इंच वाळू पसरली, तिच्यावर पेव्हर ब्लॉक. मला ते पातळ वाटलं नाही. नाशकात पायवाटेखाली चार इंच मुरूम घालून दबाई केली की आम्ही बिल काढत होतो. उरलेली माती त्यानं मागच्या कडेला सारखी करून टाकली. तिथं काँक्रीटची एक उथळ पन्हळ होती, ती झाकली गेली. दिसायला छानच दिसत होतं. उरलेले पैसे दिले, वर माझ्या हातचा चहा पाजला.

मग हिवाळा आला. जानेवारीत पारा उणे तीसच्या खाली गेला. कॅल्गरीची आणखी एक तऱ्हा म्हणजे चिनूक. रॉकी पर्वतावरून हा कोरडा, उबदार वारा उतरला की काही तासांत वीस-वीस अंशांचा फरक पडतो. काल गोठलेलं आज वितळतं, उद्या पुन्हा गोठतं. हे आम्ही खिडकीतून कौतुकानं पाहत होतो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये बर्फ गेलं आणि परसदार उघडं पडलं. फरशी मधोमध तवा पालथा घातल्यासारखी फुगली होती आणि घराच्या बाजूला खचली होती. वितळलेलं पाणी उलटं भिंतीकडे आलं. तळघराच्या कोपऱ्यात गालिचा ओला लागला. पन्हळ बुजल्यामुळे शेजाऱ्याच्या कुंपणापाशी तळं साचलं. शेजारी भला माणूस, पण दोनदा येऊन नुसता बघून गेला. त्या बघण्यानं मला जे वाटलं ते आख्ख्या नोकरीत ऑडिटवाल्यांपुढेही वाटलं नव्हतं. गृहस्थाचा फोन बंद. वहीच्या पानावरच्या पत्त्यावर त्या नावाचं कुणी राहत नव्हतं.

दुरुस्तीला चिरंजीवानं जी कॉन्ट्रॅक्टर बोलावली ती चाळिशीची बाई होती. तिनं कोपऱ्यातले चार ब्लॉक उचलले, खाली हात घातला आणि मला बोलावलं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, हे मलाही ठाऊक होतं. पण तेवढ्यानं फरशी एवढी उचलली जात नाही. बारीक, गाळवट चिकणमातीत गोठण्याच्या थरापाशी बर्फाची पातळ भिंगं तयार होतात, ती खालचं पाणी दिव्याच्या वातीसारखी वर ओढत राहतात आणि जाड होत जातात. माती वर लोटली जाते ती त्यांनी. हे ऐकलं आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते म्हणून पायाखालून ती काढून मुरूम भरणारे आम्हीच ना? रोग तोच, फक्त पावसाळ्याच्या जागी हिवाळा! म्हणून तर तिथं घराच्या पायाचा तळ चार फूट खाली न्यावा लागतो. फरशीला एवढं खोल जायला नको, पण खाली खडीचा जाड थर हवा. खडीच्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढत नाही, खाली निचरून जातं.

तिचा अंदाज मी माझ्या वहीत मांडून पाहिला. तीनशे चौरस फुटांत आठ इंच खडी म्हणजे दहा-बारा टन. त्याहून जास्त चिकणमाती खणून बाहेर न्यायची, ती टाकायचे वेगळे पैसे. खडी तीन-चार इंचांच्या थरांनी यंत्रानं दाबायची. आणि हे सगळं मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तेवढ्यात त्या माणसानं वर्षाची कमाई करायची, उरलेले महिने लोकांच्या दारातलं बर्फ लोटायचं. खिशात घडी घालून ठेवलेला तो पहिला कागद मी काढून वाचला. त्यात आठ इंच खडी लिहिलेली होती.

लायसन्सची गोष्टही मला तेव्हा उमगली. अल्बर्टा प्रांतात गिऱ्हाइकाच्या दारात सौदा ठरवून काम पुरं होण्याआधी पैसे घ्यायचे असतील, तर कॉन्ट्रॅक्टरकडे सरकारचं 'प्रीपेड' लायसन्स लागतं. त्यासाठी तारण ठेवावं लागतं, करार लेखी लागतो, आणि कराराची प्रत मिळाल्यापासून दहा दिवसांत कारण न देता गिऱ्हाइकाला तो मोडता येतो. म्हणजे कायदा नेमका माझ्या उचलीवर बेतलेला! पण बाई स्वतःच म्हणाली, या लायसन्सवरून मला फरशी घालता येते असं समजू नका. ते हुन्नराचं प्रमाणपत्र नव्हे, पैशाची राखण आहे. बागकामाचं चार वर्षांचं उमेदवारी शिक्षण तिथं आहे, पण त्याशिवाय धंदा करायला बंदी नाही. हुन्नर तपासायचा तर दोन हिवाळे झालेलं जुनं काम जाऊन बघा, म्हणाली. आम्ही गेलो, तीन ठिकाणी. चिरंजीवानं लायसन्सचा नंबर सरकारी यादीत ताडून पाहिला आणि कामगारांच्या विम्याचा कागदही मागितला. मी गप्प उभा होतो.

परवानग्यांचं मला फार भय होतं, पण ते प्रकरण सुटसुटीत निघालं. जमिनीलगतच्या फरशीला परवानगी लागत नाही. लाकडी डेक दोन फुटांवर गेला की लागते, कंबरेच्या वर जाणाऱ्या मातीच्या आधारभिंतीला लागते, शेगडीसाठी गॅसची नळी बाहेर काढायची तर लागतेच. मागचं कुंपण दोन मीटरपर्यंत चालतं. पाण्याची पन्हळ मात्र कुणी बुजवायची नाही. आणि खणण्याआधी किमान तीन कामाचे दिवस कळवावं लागतं. मग माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्या रंगानं आखून देतात, फुकट. पिवळा गॅसचा, लाल विजेचा, नारिंगी टेलिफोनचा. आमच्या परसात पिवळी रेघ फरशीच्या जागेतूनच गेलेली निघाली. आदल्या वर्षीच्या गृहस्थानं कुणाला कळवलं नव्हतं. तो उथळ खणणारा निघाला, हे आमचं नशीब.

जुने ब्लॉक पुन्हा वापरल्यामुळे दुरुस्ती ९,२०० डॉलरांत झाली. आधीचे ६,५०० धरून १५,७००. लुटारूपेक्षा ३,३०० डॉलर जास्त, म्हणजे दोन लाख रुपये. मी निवृत्तिवेतनातून ते देऊ केले. चिरंजीवानं घेतले नाहीत, आणि त्या विषयावर एक शब्द काढला नाही. त्यानं काढला असता तर बरं झालं असतं.

हिरवळ राहिलीच. ५ जून २०२४ ला शहराची मुख्य जलवाहिनी फुटली आणि बागेला नळाचं पाणी घालायला बंदी झाली. हिरवळीच्या वळकट्या अंथरून वाळवण्यात अर्थ नव्हता. सौ.नं पागोळ्यांखाली पिंप लावून मेथी तेवढी जगवली. ऑक्टोबरात आम्ही परतलो.

यंदाचं नव्हे, २०२५ च्या एप्रिलचं सांगतो. बर्फ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी चिरंजीवानं फोन लावला, कॅमेरा फरशीवर धरला आणि माझी स्पिरिट लेव्हल भिंतीपासून बाहेर आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध नव्हता. घराच्या बाजूला किंचित सरकलेला होता. फुटाला पाव इंच ढाळ, पाणी घरापासून दूर. "बरोबर आहे ना, बाबा?" त्यानं विचारलं. मी चष्मा लावून पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हटलं, "आणखी दोन ठिकाणी ठेव."