जुनी लेडीज सायकल घेताय?

आडवा दांडा नसलेली, आसनसोलची जुनी सेन-रॅले भंगारात जाता जाता माझ्या हाती लागली. अशी सायकल घेताना गंज पाहून घाबरू नका. फोर्क वाकलाय का, फ्रेमच्या सांध्यांना तडा गेलाय का, एवढं आधी बघा. बाकी बहुतेक सगळं दुरुस्त होतं.

मी बेअरिंगचे छर्रे डिझेलमध्ये धुतले, नवं ग्रीस भरलं. पेडलच्या क्रँकची कॉटर पिन काढताना नट टोकाशी राहू द्या, मगच ठोका. मी घाई केली, आटे चेपले! २८ × १½ चे टायर अजून मिळतात, दूधवाल्यांच्या सायकलींची कृपा. पावसात मात्र स्टीलच्या ओल्या रिमवर रॉड ब्रेकचे रबर घसरतात, तेव्हा मी हळूच चालवते. चेनकव्हर काढलं नाही. त्यामुळे साडी नेसूनही मंडईत जाता येतं.