मॉनिटर घेताना रंगाची पारख करा

मानपाडा ठाण्यातही आहे आणि डोंबिवलीतही. एक घोडबंदर रस्त्यावर, दुसरा एमआयडीसीच्या बाजूला, जेथे कापड रंगविण्याचे कारखाने आहेत. भिवंडीचे माग दोन्हीकडून फार दूर नाहीत. या भागातील कापडवाले, भरतकामाचे कारागीर, लग्नपत्रिका छापणारे, अशा अनेकांच्या टेबलावर आता संगणक आहे. नमुना पडद्यावर पाहून ऑर्डर ठरते. पडद्यावरचा मरून आणि ताग्यावरचा मरून निराळा निघाला, की माल परत येतो आणि रंगाईचा खर्च व्यापाऱ्याच्या अंगावर पडतो. म्हणून मॉनिटर कसा निवडावा, ते आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

प्रथम काम ठरवावे. केवळ हिशेब आणि बिले करावयाची असतील, तर २२ ते २४ इंचांचा साधा मॉनिटर पुरेसा आहे. हे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे असते. मात्र नुसते इंच पाहू नयेत, ठिपके किती तेही विचारावे. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. २४ इंचांत ते दाट बसतात. २७ इंचांत तेवढेच ठिपके विरळ होतात. मग मराठीची जोडाक्षरे आणि उर्दूचे नुक्ते फुटल्यासारखे दिसतात. २७ इंच घ्यावयाचा असल्यास २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्यावा.

डिझाइन व रंगाचे काम असेल, तर पॅनेलची जात महत्त्वाची. टीएन पॅनेल स्वस्त, पण खालून वा बाजूने पाहिल्यास रंग बदलतो. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद येतो. आयपीएसमध्ये बाजूने पाहिले तरी रंग फारसा हलत नाही. गिऱ्हाईक शेजारी बसून नमुना पाहते, तेथे हेच बरे. रंगांसाठी एसआरजीबी नावाचे प्रमाण १९९६ साली सुचविले गेले. मॉनिटर त्यातील किती टक्के रंग दाखवितो, हे माहितीपत्रकात असते. ते ९५ टक्क्यांच्या वर असावे. १४४ हर्ट्झचा दर खेळांसाठी उपयोगी आहे. आपल्या कामाला ६० पुरेसा, त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

दुकानात पडदा लावून पाहावा. पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असा एकेक रंग आणावा, म्हणजे मेलेला ठिपका लगेच दिसतो. एकदोन ठिपक्यांसाठी अनेक कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत, म्हणून वॉरंटीच्या अटी आधीच वाचाव्यात. आपल्या संगणकाला एचडीएमआय आहे की जुने व्हीजीए, तेही पाहून जावे. भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक मॉनिटरवर असलाच पाहिजे. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी लागतो. आपला जीएसटी क्रमांक घालून पक्के बिल घेतल्यास, धंद्याच्या वापरासाठी त्याची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना ही सोय नाही.

घरी आणल्यावर रंगाचे सेटिंग एसआरजीबीवर ठेवावे, रात्रीचा पिवळसर प्रकाश बंद करावा आणि पडदा खिडकीसमोर ठेवू नये. रंग पारखण्यापूर्वी अर्धा तास तो चालू असू द्यावा.

तरीही एक गोष्ट व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावी. पडदा स्वतः उजेड देतो, कापड मात्र बाहेरचा उजेड परत फेकते. म्हणून एकच कापड ट्यूबलाइटखाली एक आणि उन्हात दुसरे दिसते. शिवाय गिऱ्हाइकाचा मोबाइल आपल्या मॉनिटरसारखा रंग दाखवीलच असे नाही. तेव्हा डिझाइन पडद्यावर पसंत करून घ्यावे. रंगाची मंजुरी मात्र रंगवलेल्या कापडाच्या तुकड्यावर, सहीनिशी घ्यावी. चांगल्या मॉनिटरमुळे नमुन्यांच्या फेऱ्या कमी होतात, पण त्या तुकड्याची जागा तो घेऊ शकत नाही.