नातवंड अग्निशमन दलात जायचे म्हणते तेव्हा

दहावी-बारावीचे निकाल लागले, की माझ्या दवाखान्यात आजी-आजोबांच्या जोडीने नातवंडेही दिसू लागतात. कोणाला पोलीस भरतीसाठी वैद्यकीय दाखला हवा असतो, कोणाला सैन्यासाठी. गेल्या काही वर्षांत अग्निशमन दलाच्या आणि रुग्णवाहिका सेवेच्या प्रशिक्षणाला जाऊ इच्छिणारी मुलेमुलीही येऊ लागली आहेत. मूल उत्साहाने अर्ज पुढे करते आणि आजोबा हळूच म्हणतात, “डॉक्टरबाई, तुम्हीच समजवा याला. आगीत उडी घ्यायची नोकरी कशाला करायची?”

ही काळजी खोटी नाही. पण ज्यांच्या घरात हा विषय निघाला आहे किंवा उद्या निघेल, त्यांनी नकार देण्यापूर्वी या अभ्यासक्रमांत नेमके काय शिकवतात ते जाणून घ्यावे. आगीत उडी घेणे तेथे कोठेच शिकवत नाहीत. थांबून पाहणे, क्रमाने आत जाणे आणि सोबत्यासह बाहेर येणे, हे मात्र हाडीमासी मुरेपर्यंत घोटून घेतात. शिवाय घरात ज्येष्ठ माणूस असेल, तर या शिक्षणाचा पहिला लाभ बहुधा त्यालाच होतो.

या क्षेत्रातील देशपातळीवरील महाविद्यालय आपल्या महाराष्ट्रातच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. केंद्रीय गृह मंत्रालयाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी तेथे घेता येते. निरनिराळ्या दर्जाच्या अधिकाऱ्यांचे अभ्यासक्रमही चालतात. हर्षिनी कान्हेकर या नागपूरच्याच मुलीने २००२ मध्ये तेथे प्रवेश घेतला, तेव्हा त्या महाविद्यालयात एकही विद्यार्थिनी नव्हती. त्या देशातील पहिल्या महिला अग्निशमन अभियंता झाल्या. तेव्हा “आमची नात जायचे म्हणते, पण हे मुलींचे काम का?” या प्रश्नाचे उत्तर वीस वर्षांपूर्वीच मिळून गेले आहे.

ज्याला पदवीपर्यंत न जाता थेट जवान म्हणून काम करायचे आहे, त्याच्यासाठी मुंबईत सांताक्रूझ येथे राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे. अग्निशामकाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा असून त्याला दहावी उत्तीर्ण उमेदवार घेतात. उपस्थानक अधिकाऱ्याचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, पदवीधरांसाठी आहे. वयाची, गुणांची आणि शरीरमापाची अट जाहिरातीगणिक बदलू शकते. म्हणून शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यांवर न जाता त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

सहा महिन्यांत करतात तरी काय, असे विचाराल. पहाटे कवायत आणि धावणे. मग होज पाइप उलगडणे, जोडणे, पाण्याच्या दाबासह तो पेलणे, शिडी लावणे व चढणे, दोरीच्या गाठी. बेशुद्ध माणसाला एकट्याने खांद्यावर घेण्याची ‘फायरमन लिफ्ट’. कागद-लाकडाची आग, तेलाची आग, वायूची आग आणि विजेच्या उपकरणाची आग यांना विझवण्याची पद्धत वेगवेगळी कशी, याचा अभ्यास. तापलेल्या तेलाच्या कढईवर पाणी ओतले तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल अंगावर उसळते, हे त्यांना प्रत्यक्ष करून दाखवतात. आपल्या स्वयंपाकघरातही हाच नियम आहे: गॅस बंद करावा, कढईवर झाकण सरकवावे आणि ती जागची हलवू नये.

या सगळ्यांत मला वैद्यक म्हणून सर्वांत महत्त्वाची वाटते ती धुराची खोली. प्रशिक्षणार्थ्याला पाठीवर हवेचे नळकांडे आणि तोंडावर मुखवटा असलेला ‘बी. ए. सेट’ देऊन काळोख्या, धुराने भरलेल्या खोलीत सोडतात. डोळ्यांना काही दिसत नाही. एक हात भिंतीला लावून, गुडघ्यांवर पुढे सरकत त्याने खोली चाचपायची आणि आत ठेवलेला पुतळा शोधून बाहेर आणायचा. पलंगाखाली, दाराआड, न्हाणीघरात पाहायला शिकवतात, कारण घाबरलेली मुले लपतात आणि वृद्ध माणसे बाहेर पडण्याच्या वाटेवरच कोसळलेली सापडतात. नळकांड्यातील हवा संपत आली की शिट्टी वाजते. ती वाजली की परत फिरायचे. पुतळा हाताशी आलेला असला, तरी जोडीदाराला सोडून एकट्याने पुढे जायचे नाही.

ही शिस्त कशासाठी, ते शरीरशास्त्र सांगते. आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक दगावतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोके जड होते, मग पाय लटके पडतात आणि पळायला हवे हे कळत असूनही पळता येत नाही. ज्यांना दमा, जुना खोकला किंवा हृदयविकार आहे, त्यांच्यावर हा परिणाम फार लवकर होतो. नाकाला ओला रुमाल लावल्याने धुराचे कण थोडे अडतात, हा वायू अडत नाही. म्हणून धूर दिसताच जमिनीलगत खाली राहून बाहेर पडणे आणि मागे दार ओढून घेणे, हेच खरे. लिफ्ट वापरू नये. जिना धुराने भरला असेल तर खोलीतच थांबावे, दाराच्या फटीत ओली चादर कोंबावी, खिडकीशी येऊन कापड हलवावे आणि १०१ किंवा ११२ वर आपला मजला सांगावा.

आता दाखल्याविषयी, कारण येथे घरातील मोठ्यांचा आग्रह कधी कधी मुलाच्या जिवावर उठतो. “लहानपणी दमा होता, आता क्वचितच होतो, तेवढे लिहू नका,” असे मला दर वर्षी कोणीतरी म्हणते. मी लिहिते. मुखवटा लावलेल्या माणसाला आत फवारा ओढता येत नाही आणि श्वास कोंडला म्हणून धुरात मुखवटा काढता येत नाही. फिट येण्याचा आजार, रंगांधत्व, उंचीवर किंवा बंद जागेत येणारी घेरी यांचेही तसेच. अशा मुलाला नियंत्रण कक्ष, अग्निसुरक्षा तपासणी, आपत्ती व्यवस्थापन अशी कामे करता येतात; तो मार्ग त्याला दाखवावा. आजार लपवून मिळवलेला प्रवेश सोबत्यांच्याही जिवाशी खेळ ठरतो.

दुसरी दक्षता पैशांची. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त लिपिकांनी मुदतठेव मोडून नातवाला एका खासगी संस्थेत ‘फायर अँड सेफ्टी’च्या वर्षभराच्या डिप्लोमाला घातले. पुढे नगरपालिकेची भरती निघाली तेव्हा जाहिरातीत राज्य प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मागितला होता आणि अर्ज छाननीतच बाद झाला. असे डिप्लोमे सरसकट निरुपयोगी नसतात. कारखाने, मॉल, मोठी रुग्णालये यांच्या सुरक्षा विभागांत त्यांवर कामे मिळतात. पण ती वाट वेगळी आहे, हे शुल्क भरण्यापूर्वी कळायला हवे. आपण इतकेच करावे: ज्या नोकरीचे स्वप्न आहे, तिच्या मागील दोन भरतींच्या जाहिराती समोर ठेवाव्यात, त्यांत मागितलेल्या अभ्यासक्रमाचे नाव पाहावे आणि संस्थेच्या माहितीपत्रकात नेमके तेच नाव आहे का ते चष्मा लावून वाचावे. “शंभर टक्के नोकरी” असे छापलेले असेल, तर माहितीपत्रक मिटवून ठेवण्यास हरकत नाही.

रुग्णवाहिका सेवेचे शिक्षण याहून थोडे निराळे. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा चालू आहे आणि तिच्या गाडीवर डॉक्टर असतो. इतर अनेक राज्यांत हे काम इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन करतात, आपल्याकडे खासगी रुग्णालयांच्या गाड्यांवर ते दिसतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यसेवेतील ज्या व्यवसायांना आयोगाच्या कक्षेत आणले, त्यांत हाही आहे. प्रवेश घेताना अभ्यासक्रमाच्या मान्यतेची चौकशी अवश्य करावी. येथे मूल श्वासमार्ग मोकळा करणे, प्राणवायू देणे, रक्तस्राव थांबवणे, मोडलेले हाड स्थिर करणे शिकते. पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब किमान ५ सेंटिमीटर खोल, असे हात भरून येईपर्यंत करते. हृदय बंद पडल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते आणि तेवढ्यात कोणतीही गाडी क्वचितच पोहोचते. घरात हे जाणणारा कोणी असणे म्हणजे काय, ते ज्येष्ठांना वेगळे सांगायला नको.

त्यांना शिकवतात त्यांतील एक गोष्ट नातेवाइकांना फार खटकते. अपघातात अनेक जखमी असतील, तर जो मोठ्याने ओरडतो आहे त्याला सोडून ते आधी गप्प पडलेल्याकडे जातात. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, एवढे तरी कळलेले असते. हे निष्ठुरपणाचे लक्षण नव्हे, हे आपण समजून घ्यावे.

पूर्णवेळ शिक्षण नको, पण काही शिकायचे आहे, अशा तरुणांसाठी ‘आपदा मित्र’ ही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना आहे. २०१६ मध्ये ती पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवण्यापर्यंत वाढवण्यात आली. जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात तिची चौकशी करता येते.

भीतीचे काय? ती राहणारच, आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि स्फोटके एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली आणि ती विझवताना झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. आजचे प्रशिक्षण अशा किंमत मोजलेल्या अनुभवांतूनच तयार झाले आहे. मी घरच्यांना धोका शून्य आहे असे कधी सांगत नाही. धोका आहे, पण शिकलेला जवान रस्त्यावर मोटारसायकल भरधाव नेणाऱ्या त्याच्याच वयाच्या मुलापेक्षा आपल्या जिवाचा हिशेब अधिक नीट ठेवतो, असे माझे मत आहे.

मूल प्रशिक्षणाहून किंवा पहिल्या कामगिरीवरून घरी आले, की “किती मेले?” असे विचारू नका. जेवायला वाढा, शेजारी बसा. बोलले तर ऐका. अनेक आठवडे झोप लागत नसेल, चिडचिड वाढली असेल, दारूकडे हात जात असेल, तर डॉक्टरांकडे न्या. होज उचलण्यासाठी खांदा लागतो, तसे हे ओझे उचलण्यासाठीही कोणीतरी लागते आणि त्या कामाला आजी-आजोबांइतके योग्य दुसरे कोणी नाही.

शेवटी, जी माणसे हे सारे शिकून आपल्या दाराशी येतील, त्यांचे काम आपण आजच सोपे करू शकतो. एकट्याने राहणाऱ्यांनी रात्री आतून कडी, बोल्ट आणि साखळी असे तिन्ही लावू नये; बाहेरून किल्लीने उघडेल असे एकच चांगले कुलूप ठेवावे आणि दुसरी किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. नाहीतर घसरून पडलेल्या माणसापर्यंत पोहोचण्याआधी जवानांचा वेळ दार तोडण्यात जातो. जिना उतरता न येणाऱ्यांसाठी घरात चाके नसलेली एक भक्कम खुर्ची असावी. तिच्यावर बसवून, एकाने पाठ व एकाने पुढचे पाय धरून, रुग्णाला खाली नेण्याची रीत या अभ्यासक्रमांत शिकवतात.

आणि रुग्णवाहिकेतून आलेला माणूस आपल्याला ठरावीक प्रश्न विचारणार आहे: काय त्रास होतो आहे, कशाची ॲलर्जी आहे, कोणती औषधे चालू आहेत, पूर्वीचे आजार व शस्त्रक्रिया कोणत्या, शेवटचे खाणे केव्हा झाले आणि हे घडले तेव्हा काय चालले होते. त्या गडबडीत मुलाला वडिलांच्या गोळ्यांची नावे आठवत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे. पहिला, पाचवा आणि सहावा प्रश्न वेळेवरचा. मधल्या तिघांची उत्तरे मात्र आज लिहिता येतात. रक्त पातळ करणारी गोळी, इन्सुलिन आणि पेसमेकर असल्यास त्यांची नोंद सर्वांत वर, ठळक अक्षरांत करावी. कागद फ्रिजच्या दारावर लावावा, औषध बदलले की त्याच दिवशी तोही बदलावा आणि त्याचे छायाचित्र नातवाच्या मोबाइलमध्येही ठेवायला सांगावे.