कर्जाची भीती वाटते? आधी आकडा कागदावर घ्या



आजचा मेसेज फवारणीचा नाही. कर्जाच्या काळजीनं रात्री झोप लागत नाही, त्याबद्दल आहे. शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात एका सभासद काकांच्या वस्तीवर गेलो होतो. सप्टेंबर २०२५ च्या पावसात त्यांचं बरंच सोयाबीन पाण्यात गेलं. राहिलं ते ५,३२८ च्या हमीभावाच्या खाली विकावं लागलं. आम्ही बोलत असताना फोन वाजला. बँकेचा नंबर बघून काकांनी फोन पालथा ठेवला. म्हणाले, "पाच-सहा लाख झालं असंल. हिशेबच नको वाटतो."

तिथंच वहीच्या पानावर लिहायला बसलो. पीककर्ज व्याजासकट १,६४,०००. सावकार ५०,०००. कृषी सेवा केंद्राची उधारी ३८,०००. बचत गट २२,०००. बेरीज २,७४,०००. गटाचा आकडा काकूंनी सांगितला, काकांना तो माहीत नव्हता. आणि काका रात्री उठून का बसतात, हे काकूंना माहीत नव्हतं.

कर्ज एक रुपयानंही कमी झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघं मिळून बँकेत गेले. तुमचा आकडा अंदाजापेक्षा मोठाही निघू शकतो. तरी लिहा. आकडा कळला की पुढं कुणाकडं जायचं ते ठरवता येतं.

आज रात्री घरच्यांना सोबत घेऊन एवढं करा:

१) चार रकाने आखा: कुणाचे, किती, व्याज काय, तारीख कोणती. हातउसने पैसेसुद्धा लिहा.

२) व्याज वर्षाचं काढा. शेकडा ३ रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ५०,००० वर वर्षाला १८,००० नुसतं व्याज! उलट ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना धरून व्याज शून्यावर येतं. म्हणून पीककर्जाची तारीख चुकवू नका आणि वरचा पैसा आधी महागड्या कर्जात घाला.

३) बँकेचा फोन उचला, नाहीतर स्वतः शाखेत जा. अतिवृष्टीनंतर सरकारनं सहकारी कर्जाचं पुनर्गठन आणि शेतीकर्जाच्या वसुलीला एक वर्ष स्थगिती जाहीर केली होती. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. आपल्या खात्याला काय लागू झालं, व्याज किती लागतंय, हप्ते पाडून मिळतील का, हे विचारा. अर्ज दिला तर पोच घ्या. नवं-जुनं करायला सावकाराकडून पैसे उचलायच्या आधी हे विचारून घ्या.

४) सावकाराकडं परवाना आहे का ते बघा. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. बेकायदा सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं करता येते. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्यानं १५ वर्षांच्या आतल्या व्यवहाराची चौकशी होऊन जमीन परत मिळू शकते.

५) खरिपाचं बियाणं-खत घेण्याआधी हा कागद पुन्हा बघा. उधारीवर घेतलेली प्रत्येक जादा गोणी याच कागदावर चढणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०१५ साली बळीराजा चेतना अभियान यवतमाळ आणि आपला, या दोनच जिल्ह्यांत सुरू झालं होतं. का, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. घरातला माणूस गप्प झाला, जेवेना, "माझ्यामागं तुमचं कसं होईल" असं बोलू लागला, तर त्याला एकटं सोडू नका. मनात काय चाललंय ते सरळ विचारा. विचारल्यानं वाईट विचार वाढत नाही, माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडं द्या.

टेलिमानस: १४४१६. फुकट आहे, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं.

हिशेब मांडायला अडचण आली तर कंपनीच्या ऑफिसला वही घेऊन या. आपण मिळून लिहू. तुमचा आकडा गावात कुणाला कळणार नाही.

हा मेसेज घरात वाचून दाखवा.

— तुमचा कृषी सल्लागार