लिनक्सवर दोन मॉनिटर: नवीन कार्ड घेण्याआधी हे तपासा

फोनवर स्प्लिट स्क्रीन करून वर लेक्चरचा व्हिडिओ आणि खाली नोट्स, असं तुम्ही कधीतरी करून बघितलंच असेल. थोड्या वेळात कंटाळा येतो, कारण दोन्ही अर्धवटच दिसतं. डेस्कटॉपवर यावर सोपा उपाय आहे, तो म्हणजे दुसरा मॉनिटर. तो नवाच हवा असं नाही. घरात कपाटावर पडून असलेला जुना १८.५ इंची मॉनिटरसुद्धा नोट्स, चॅट किंवा टर्मिनल उघडून ठेवायला मस्त चालतो.

मी रोजचं कोडिंग उबुंटूवर दोन मॉनिटर लावून करतो. त्यामुळे 'लिनक्सवर दोन मॉनिटर नीट चालत नाहीत ना?' हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा अडचण लिनक्सपर्यंत पोहोचायच्या आधीच असते, पोर्टमध्ये किंवा केबलमध्ये. ती न शोधता लोक नवीन ग्राफिक्स कार्ड घेतात किंवा अख्खी सिस्टीम पुन्हा टाकतात. म्हणून एक क्रम लक्षात ठेवा: आधी पोर्ट, मग केबल, मग सेटिंग आणि शेवटी ड्रायव्हर.

१. सीपीयूची मागची बाजू बघा

डिस्प्लेचे पोर्ट दोन ठिकाणी असू शकतात. वरच्या भागात, यूएसबी आणि लॅन पोर्टच्या शेजारी असतात ते मदरबोर्डचे. खाली आडव्या पट्टीवर वेगळे असतील तर ते ग्राफिक्स कार्डचे.

मदरबोर्डचे पोर्ट चालायला प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असावं लागतं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. एएमडी रायझनच्या ५००० पर्यंतच्या डेस्कटॉप मालिकांमध्ये साधारणपणे नावात 'जी' असलेल्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स मिळतं.

माझ्या एका मित्राचं हेच झालं. असेंबल केलेला पीसी, प्रोसेसर 'एफ'वाला. एक मॉनिटर ग्राफिक्स कार्डला आणि दुसरा मदरबोर्डच्या एचडीएमआयला जोडलेला. दुसरा कायम काळा. दुकानदार म्हणाला, बोर्डचा पोर्ट गेलाय, बोर्ड बदलावा लागेल. मित्र पैसे भरायला निघालाच होता. पोर्ट गेलेला नव्हता, त्या पोर्टला चित्र पुरवणारं प्रोसेसरमध्ये कोणी नव्हतंच. त्याच्या कार्डवर एचडीएमआयच्या शेजारी डिस्प्लेपोर्ट रिकामा होता. एका केबलमध्ये काम झालं.

उलट बाजूही आहे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे आणि वेगळं कार्डही लावलंय, अशा वेळी बरेच मदरबोर्ड स्वतःचे पोर्ट आपोआप बंद ठेवतात. बायोसमध्ये जाऊन अंतर्गत ग्राफिक्स किंवा 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' अशा नावाचा पर्याय चालू केला की ते जागे होतात. पण कार्डवरच दोन पोर्ट रिकामे असतील तर दोन्ही मॉनिटर तिथेच लावा.

आणि वेगळं कार्ड नसेल तरी निराश होऊ नका. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचं अंतर्गत ग्राफिक्स तीन डिस्प्लेपर्यंत सांभाळू शकतं. तुमच्या बोर्डवर एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए असेल, तर दोन मॉनिटरसाठी बहुधा काहीच विकत घ्यावं लागणार नाही.

२. केबल आणि कन्व्हर्टरमधली गोम

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

स्प्लिटर घेऊ नका. एका एचडीएमआयमधून दोन निघणारा साधा स्प्लिटर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दाखवतो. कॉम्प्युटरच्या दृष्टीने मॉनिटर एकच असतो, त्यामुळे 'एक्स्टेंड' होणारच नाही.

कन्व्हर्टरची दिशा बघा. एचडीएमआय डिजिटल आहे आणि व्हीजीए अ‍ॅनालॉग. सीपीयूला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए असेल, तर 'एचडीएमआय टू व्हीजीए' हवा. 'व्हीजीए टू एचडीएमआय' ही वेगळी वस्तू आहे, ती उलटी लावून चालत नाही. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटर चालवणं सोपं आणि स्वस्त असतं, पण एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटर चालवायला आत चिप असलेला अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो.

यूएसबीमधून डिस्प्ले देणारे अ‍ॅडॅप्टर जपून घ्या. त्यातल्या डिस्प्लेलिंक चिपवाल्यांना लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो, आणि तो पूर्ण ओपन सोर्स नाही.

आता एक सोपी चाचणी. उबुंटूची आयएसओ पेनड्राइव्हवर टाका आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करून 'ट्राय उबुंटू' निवडा. हार्ड डिस्कला हात न लावता सिस्टीम चालू होते. तिथे दोन्ही मॉनिटर दिसले, तर पोर्ट आणि केबल ठीक आहेत. म्हणजे दोष असलाच तर तुमच्या इन्स्टॉल केलेल्या सिस्टीमच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे.

३. सेटिंग: पाच मिनिटांचं काम

उबुंटूमध्ये सेटिंग्ज उघडून 'डिस्प्लेज'मध्ये जा. दोन चौकोन दिसतील, आणि प्रत्येक मॉनिटरच्या कोपऱ्यात त्याचा नंबरही येईल. मग:

• 'जॉइन' निवडा. 'मिरर' म्हणजे दोन्हीकडे सारखंच चित्र.
• टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत, तसेच चौकोन माउसने ओढून मांडा.
• 'प्रायमरी' म्हणून मोठा मॉनिटर निवडा. वरची पट्टी तिथे येते.
• उभा मॉनिटर हवा असेल, तर 'ओरिएंटेशन'मधून पोर्ट्रेट करा. लांबलचक कोड किंवा पीडीएफ वाचायला फार बरं पडतं.
• 'अप्लाय' करा. चित्र गेलं तरी घाबरू नका, काही सेकंद तुम्ही होकार दिला नाही तर जुनं सेटिंग आपोआप परत येतं.

लिनक्स मिंटमध्ये हेच सगळं सिस्टीम सेटिंग्जमधल्या 'डिस्प्ले'मध्ये मिळेल. उबुंटूवर चालू विंडो दुसऱ्या मॉनिटरवर पाठवायला सुपर, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली की, अधिक शिफ्ट अधिक बाणाची की दाबा. ही सवय लागली की माउसने विंडो ओढणं बंदच होतं.

'माउस मधेच अडकतो' ही तक्रार इथलीच. समजा एक मॉनिटर १९२०×१०८० आहे आणि दुसरा १३६६×७६८. उंचीत ३१२ पिक्सेलचा फरक आहे. एकाच्या त्या जास्तीच्या भागासमोर दुसऱ्याची स्क्रीनच नाही, म्हणून कर्सर तिथे भिंतीला थटल्यासारखा थांबतो. चौकोन वर-खाली सरकवून खऱ्या मॉनिटरच्या उंचीशी जुळवले, की त्रास बराच कमी होतो.

४. एकीकडे अक्षरं मोठी, दुसरीकडे मुंगीएवढी

६.५ इंची फोनवर १०८०×२४०० पिक्सेल असले, तर एका इंचात साधारण ४०५ पिक्सेल बसतात. तरीही अक्षरं वाचता येतात, कारण अँड्रॉइड सगळं मोठं करून दाखवतं. डेस्कटॉपवर याच कामाला 'स्केल' म्हणतात.

२४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल असतात, तर २७ इंची ४के मॉनिटरवर १६३. दोन्ही १०० टक्क्यांवर ठेवले, तर ४के मॉनिटरवर सगळं बारीक दिसणार. दोघांना वेगळं स्केल हवं, आणि इथे वेलँड आणि एक्स११ यांतला फरक कळतो.

एक्स११ ही १९८७ पासूनची व्यवस्था आहे. तिच्या लेखी सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा कागद असतो, त्यामुळे प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केल देणं जिकिरीचं होतं. वेलँडचं काम २००८ मध्ये सुरू झालं, आणि त्यात प्रत्येक मॉनिटरचं स्केल स्वतंत्र ठेवता येतं. उबुंटू २४.०४ मध्ये सेटिंग्जमधल्या 'सिस्टीम' आणि मग 'अबाउट'मध्ये 'सिस्टीम डिटेल्स' उघडलं, की 'विंडोइंग सिस्टीम'समोर तुमच्याकडे काय चालू आहे ते दिसतं. एक्स११ असेल तर लॉगआउट करा, लॉगिन स्क्रीनवर आपलं नाव निवडा आणि कोपऱ्यातल्या गिअरच्या चिन्हातून वेलँडचा पर्याय आहे का बघा. मग १२५ किंवा १५० टक्के हवं असेल, तर डिस्प्लेजमध्ये 'फ्रॅक्शनल स्केलिंग' चालू करा.

दोन्ही मॉनिटर फुल एचडी आणि जवळपास एकाच आकाराचे असतील, तर या भानगडीत पडायची गरजच नाही. एक्स११ वरही ते छान चालतात.

५. तरीही गडबड असेल तर

दुसरा मॉनिटर दिसतो, पण १०२४×७६८ च्या वर जात नाही? प्रत्येक मॉनिटर आपली माहिती कॉम्प्युटरला पाठवतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. हलका कन्व्हर्टर किंवा खराब केबल ही माहिती नीट पोहोचवत नाही, मग सिस्टीम अंदाजाने सुरक्षित रिझोल्यूशन देते. आधी केबल बदलून बघा.

४के मॉनिटर ३० हर्ट्झवरच अडकलाय आणि माउस जड वाटतोय? एचडीएमआय १.४ वर ४के ३० हर्ट्झपर्यंतच मिळतं. ६० साठी पोर्ट आणि केबल दोन्ही एचडीएमआय २.० च्या तोडीचे हवेत, किंवा डिस्प्लेपोर्ट वापरा.

एनव्हिडियाचं कार्ड आहे आणि एकच मॉनिटर चालतोय? उबुंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स', मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर निवडा आणि रीस्टार्ट करा. इंटेल आणि एएमडीचे ओपन सोर्स ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतात, तिथे सहसा काही टाकावं लागत नाही.

तेव्हा या शनिवार-रविवारी आधी सीपीयूच्या मागे टॉर्च मारून पोर्ट मोजा आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या. दुकानात जायचंच झालं, तर ती चिठ्ठी सोबत न्या. बऱ्याच जणांचं काम एका केबलवर भागेल.