लोकेशनवरचा आवाज : यंत्र घेण्याआधी हिशेब मांडा

लालबागच्या एखाद्या चाळीत मुलाखतीचे चित्रीकरण लागले की आवाज घेणाऱ्याची कसोटी लागते. खाली मसाला कुटण्याची यंत्रे, बाहेर २०११ साली खुल्या झालेल्या उड्डाणपुलावरची वाहने आणि जवळच करी रोड, चिंचपोकळीच्या लोकल गाड्या. चित्र बिघडले तर दुसरे दृश्य जोडता येते. पण वृद्ध गिरणी कामगाराने भरल्या गळ्याने एकदाच सांगितलेली गोष्ट नीट टिपली गेली नाही, तर ती परत मिळत नाही. पुढचे कामही मिळत नाही.

ही अडचण बोलपटाइतकीच जुनी आहे. १९३१ साली आर्देशीर इराणी यांनी ‘आलम आरा’ काढला, तेव्हा त्यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता. गाड्यांच्या आवाजामुळे बरेचसे चित्रण रात्री करावे लागले आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवावे लागले. पुढे डबिंगची पद्धत रुळली. २००१ साली ‘लगान’ने जागेवरच आवाज घेऊन दाखवला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसूल पूकुट्टी यांना ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनीसाठी २००९ साली ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटाचे चित्रीकरण याच मुंबईच्या गर्दीत झाले होते.

लाउडस्पीकरचा धंदा करणाऱ्या किंवा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या घरांतील तरुणांना हे काम परके नाही. डाग देणे, वायर तपासणे, बिघाड शोधणे हे हुनर त्यांच्या हातात आहेच. चूक होते ती खरेदीच्या क्रमात. बहुतेक जण आधी महागडा रेकॉर्डर घेतात. आजकाल ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर मिळतात. त्यांत आवाज अचानक वाढला तरी नोंद सहसा फाटत नाही. मात्र दूर ठेवलेला मायक्रोफोन, खोलीचा घुमारा आणि वारा यांवर त्यांच्याकडे इलाज नाही.

म्हणून पहिला खर्च कान बंद करणाऱ्या चांगल्या हेडफोनवर, मजबूत केबलवर, वारा अडवणाऱ्या केसाळ आवरणावर आणि लांब काठीवर करावा. काठी स्वस्त असते, पण तिची किंमत मोठी आहे. बोलणाऱ्यापासून मायक्रोफोनचे अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. रस्त्याचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. एवढा फायदा नुसता नवा रेकॉर्डर घेऊन होत नाही.

त्यानंतर मायक्रोफोन. उघड्यावर लांब नळीचा ‘शॉटगन’ कामाला येतो. सेन्हायझरचा ४१६ या कामात वर्षानुवर्षे टिकून आहे. तो मुंबईच्या दमट हवेतही दगा देत नाही, म्हणून जुना घेतानाही त्याला भाव द्यावा लागतो. पण चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत शॉटगनचा आवाज पोकळ येतो. तिथे आखूड हायपरकार्डिऑइड बरा. जुना माल घेताना ४८ व्होल्टवर अर्धा तास चालवून, हेडफोनने खरखर ऐकूनच पैसे मोजावेत.

तिसरा क्रम कॉलरला लावायच्या वायरलेसचा. स्वस्त संच मोबाइल आणि वायफायच्या गर्दीत तुटक चालतात. लालबागच्या गणपतीच्या गर्दीत तर विचारूच नका. जिथे काम आहे तिथे आधी चालवून पाहावे. सोबत वायरचा कॉलर-माइक ठेवावाच. रेकॉर्डर सर्वांत शेवटी बदलावा.

वर्षातून दोनचार वेळाच लागणारी वस्तू विकत घेऊ नये, भाड्याने आणावी. एखाद्या यंत्राचे भाडे दर महिन्याला जाऊ लागले, की ते घेण्याची वेळ आली असे समजावे. जीएसटीची नोंदणी असेल तर बिल आपल्या नंबरावर घ्यावे, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि जादा बॅटऱ्या ठेवाव्यात.

आणि एक सवय, जिला पैसा लागत नाही. काम संपले की सर्वांना गप्प करून खोलीचा रिकामा आवाज अर्धा मिनिट घ्यावा आणि घरी जाण्याआधी नोंदीची दुसरी प्रत करावी. संकलकाचे काम सोपे झाले की तो पुढच्या वेळी तुमचेच नाव सांगतो. या धंद्यात जाहिरात होते ती अशी.