चाळीस दिवस मन आवरण्याचे

राखेच्या बुधवारी सकाळी वसईतील चर्चमध्ये भाविकांच्या कपाळावर राखेचा क्रूस रेखला जातो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख तयार करतात. माणूस मातीचा आहे आणि अखेर मातीलाच मिळणार आहे, याची ती आठवण. मिस्सा संपताच अनेकांना चर्चगेटची लोकल गाठायची असते. हा दिवस सार्वजनिक सुटीचा नसतो. पुढे कार्यालय, मोबाइल, घराचे हप्ते, मुलांच्या परीक्षा यांच्या गर्दीत कपाळावरची आणि मनातलीही राख पुसट होऊ लागते.

या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यातील सहा रविवार वगळले की उरतात ते ४० दिवस, म्हणजे उपवासकाळ. येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे हे स्मरण. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येत असल्याने परीक्षांचा हंगाम आणि कार्यालयांतील मार्चअखेरची धावपळ नेमकी याच काळात गाठ घालते. मन एकाग्र करण्याचा काळ आणि मन सर्वाधिक विखुरण्याचा काळ एकच ठरतो.

अरण्यातही मन भरकटत होते

मन भरकटण्याचा दोष मोबाइलला देणे सोपे आहे. पण हे दुखणे जुने आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रिअस या संन्याशाने त्याचे नेमके वर्णन करून ठेवले आहे. दुपार होऊ लागली की साधकाला सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. तो वारंवार खिडकीबाहेर पाहतो, जेवणाची वेळ झाली का याचा अंदाज घेतो, कुणी भेटायला येते का याची वाट पाहतो. ज्याच्याजवळ बाजार नव्हता, संसार नव्हता, त्याचेही मन स्थिर राहत नव्हते. तेव्हा संसार सोडल्याने प्रश्न सुटतो, असे नाही.

संसारात राहूनच भक्ती कशी करावी, हा विषय सतराव्या शतकाच्या प्रारंभी जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी हाती घेतला. प्रार्थनेत मन भटकले तर स्वतःवर चिडू नये, त्याला हळुवारपणे परत आणावे, हा त्यांचा सल्ला. बायबलच्या हिब्रू भाषेत पश्चात्तापासाठी येणाऱ्या शब्दाचा मूळ अर्थही 'परतणे' असाच आहे. श्रद्धेची कसोटी मन कधीच न भरकटण्यात नसून ते पुन्हा परतण्यात आहे.

परतीचे थांबे

या परतण्यासाठी ख्रिस्ती परंपरेने दिवसाला आणि आठवड्याला काही थांबे दिले आहेत. सकाळ, दुपार व संध्याकाळची देवदूताची प्रार्थना हा त्यातला एक. रोझरीचे मणी लोकलच्या प्रवासातही बोटांवर मोजता येतात. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशिअस यांनी आत्मपरीक्षणाची रीत घालून दिली. देवाचे आभार मानणे, प्रकाश मागणे, दिवस आठवणे, क्षमा मागणे आणि उद्यासाठी निश्चय करणे अशा तिच्या पाच पायऱ्या आहेत. त्यासाठी झोपण्यापूर्वीची पंधरा मिनिटे पुरतात. उपवासकाळातील शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती होते. चौदा स्थानांवर थांबत येशूच्या दुःखसहनाचे चिंतन केले जाते.

उपवासाचे नियमही झेपतील असेच आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षे वयाच्या कॅथलिकांनी एकच पूर्ण जेवण घ्यावे. सोबत दोन वेळा अल्पाहार चालतो. १४ वर्षांवरील सर्वांना या दिवशी मांसाहार वर्ज्य असतो. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही तिन्ही अंगे एकत्र चालावीत, अशी अपेक्षा असते. ताटातला वाचलेला घास भुकेल्यापर्यंत पोहोचला नाही, तर उपवास केवळ पथ्य उरतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या राखेच्या बुधवारी टीव्ही बंद करून बायबल उघडण्याचे आणि मोबाइलपासून दूर होऊन शुभवर्तमानाशी जोडले जाण्याचे आवाहन केले होते. त्यागाची वस्तू काळानुसार बदलली. हेतू मात्र तोच राहिला. मोबाइल बाजूला ठेवून मोकळी झालेली पंधरा मिनिटे दुसऱ्याच पडद्यासमोर गेली, तर तो त्याग नव्हे. ती प्रार्थनेकडे किंवा घरातल्या एखाद्या एकाकी वृद्धाकडे वळली, तर कपाळावरची राख पुसली गेल्यानंतरही उपवासकाळ सुरूच राहतो.